जुन्या डिस्क इंटरफेसचा वेग आणि नेटवर्कचा वेग: आठने गुणण्याआधी काय पाहावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या मशीनमध्ये अल्ट्रा डीएमए १३३ ची आयडीई डिस्क (आयडीई ही रुंद पट्टीच्या केबलची जुनी जोडणी, अल्ट्रा डीएमए हे तिच्या वेगाचे मोड) पीसीआय कंट्रोलर कार्डाला जोडली आहे आणि शेजारच्या पीसीआय स्लॉटमध्ये गिगाबिट नेटवर्क कार्ड आहे. १३३ गुणिले ८ म्हणजे १,०६४ मेगाबिट, म्हणजे डिस्क आणि नेटवर्क तोडीस तोड. तरीही मोठी फाइल पाठवताना सेकंदाला ३५ ते ४० मेगाबाइटच पडतात. गुणाकार चुकतोय का? आणि स्कझी, साटा, फायरवायर, यूएसबी या डिस्कच्या इतर जोडण्यांचे छापील आकडे नेटवर्कच्या आकड्यांशी जुळवायचे कसे?

गुणाकार बरोबर आहे. पण १३३ हा डिस्कच्या केबलवरचा कमाल वेग आहे, १,००० हा इथरनेटच्या तारेवरून जाणाऱ्या सगळ्या बिटांचा वेग आहे आणि ३५-४० हे प्रत्यक्ष फाइलमधले बाइट आहेत. तीन आकडे तीन निरनिराळ्या जागी मोजलेले आहेत. एककांची अदलाबदल सोपी असते. वेळ जातो तो प्रत्येक आकडा कुठे मोजला आहे हे शोधून सगळे एका जागी आणण्यात. ती जागा मी ‘फाइलमधले बाइट, दर सेकंदाला, दशमान मेगाबाइटमध्ये’ अशी धरतो, कारण शेवटी वाट पाहायची असते ती फाइलची. खाली मेगाबिट आणि मेगाबाइट हे शब्द पूर्णच लिहिले आहेत. ‘एमबीपीएस’ दोन्हींसाठी सर्रास वापरतात, म्हणून ते टाळले आहे.

आठने भागायचे की दहाने?

समांतर इंटरफेसपासून सुरुवात करू, कारण तिथे हिशेब सरळ आहे. आयडीई केबलवर १६ डेटा तारा असतात, म्हणजे एका फेरीत २ बाइट जातात. एका फेरीला किती नॅनोसेकंद लागतात हे कळले की वेग कळला. पीआयओ (प्रोसेसर स्वतः डेटा हलवतो ती जुनी पद्धत) मोड ० ला ६०० नॅनोसेकंद लागतात, म्हणून ३.३ मेगाबाइट, मोड ४ ला १२०, म्हणून १६.७. अल्ट्रा डीएमएमध्ये घड्याळाच्या चढत्या आणि उतरत्या अशा दोन्ही कडांवर डेटा जातो. मोड २ मध्ये प्रत्येक फेरी ६० नॅनोसेकंदांची, म्हणजे ३३.३ मेगाबाइट, मोड ४ मध्ये ३०, म्हणजे ६६.७, मोड ५ मध्ये २०, म्हणजे १००, मोड ६ मध्ये १५, म्हणजे १३३.३. हे आकडे आधीच बाइटांत आहेत आणि त्यांत कोडिंगचा, म्हणजे डेटासोबत जाणाऱ्या जादा बिटांचा, भार नाही. नेटवर्कशी तुलना करायची तर आठने गुणा: २७, १३३, २६७, ५३३, ८०० आणि १,०६७ मेगाबिटच्या जवळपास असे काहीतरी मिळेल, मोडनुसार.

स्कझीचेही तेच, फक्त रुंदी ८ किंवा १६ बिटांची असते. मूळ स्कझी सेकंदाला ५० लाख फेऱ्या आणि १ बाइट रुंदी, म्हणजे ५ मेगाबाइट. ‘फास्ट’ने फेऱ्या दुप्पट केल्या, ‘वाइड’ने रुंदी दुप्पट केली. नावांचा गोंधळ टाळायचा तर मानकातली नावे बघावीत: फास्ट-२०, फास्ट-४०, फास्ट-८०, फास्ट-१६०. हा आकडा म्हणजे सेकंदाला किती दशलक्ष फेऱ्या. त्याला वाइडच्या २ बाइटांनी गुणले की अल्ट्रा वाइडचे ४०, अल्ट्रा२ वाइडचे ८०, अल्ट्रा१६० चे १६० आणि अल्ट्रा३२० चे ३२० मेगाबाइट येतात. ‘अल्ट्रा’ नावाची अरुंद डिस्क २० वरच थांबते, हे जुना माल घेताना पुष्कळांच्या लक्षात येत नाही. शिवाय हा वेग साऱ्या बसचा असतो. वाइड बसवर कंट्रोलर सोडून १५ उपकरणे बसतात आणि ती सगळी त्या १६० मध्येच वाटेकरी असतात.

क्रमिक इंटरफेसमध्ये मात्र छापील आकडा कोडिंगच्या आधीचा की नंतरचा, हा प्रश्न येतो आणि बहुतेक चुका इथेच होतात.

साटाचा १.५ गिगाबिट हा तारेवरचा वेग आहे. तिथे ८ बिटांचा प्रत्येक बाइट १० बिटांत गुंफून पाठवतात, म्हणजे घड्याळ जुळलेले राहते आणि तारेवर विद्युतदाबाचा तोल राहतो. म्हणून साटाला दहाने भागायचे: १.५ गिगाबिटचे १५० मेगाबाइट, ३ चे ३००, ६ चे ६००. आठने भागून १८७.५ लिहिलेले दिसले तर ते चूक समजा. एसएएसच्या (क्रमिक स्कझीच्या) ३ आणि ६ गिगाबिटलाही हाच नियम, आणि यूएसबी ३.० च्या ५ गिगाबिटलाही, म्हणजे ५०० मेगाबाइट. पीसीआय एक्सप्रेसची पहिली पिढी एका लेनवर २.५ गिगाबिट चालते. दहाने भागून २५० मेगाबाइट, तेही प्रत्येक दिशेला. यूएसबीच्या १० गिगाबिटला मात्र १२८ बिटांमागे फक्त ४ जादा बिट असतात. तिथे दहाने भागले तर उलट चूक होते. उत्तर १,२१२ मेगाबाइटच्या आसपास येते.

इथरनेटचे नाव मात्र कोडिंग वजा करून ठेवलेले असते. १०० मेगाबिटच्या तांब्याच्या इथरनेटमध्ये तारेवर प्रत्यक्षात सेकंदाला १२५ दशलक्ष चिन्हे जातात, कारण ४ बिटांची ५ होतात. फायबरवरचे गिगाबिट १.२५ गिगाबॉडने चालते (बॉड म्हणजे सेकंदाला चिन्हे). १० गिगाबिटच्या फायबरचा तारेवरचा वेग १०.३१२५ गिगाबॉड. तरी नावात १००, १,००० आणि १०,००० च. म्हणून इथरनेटला आठने भागायचे. याचाच परिणाम असा की ‘१.५ गिगाबिट साटा’ आणि ‘१ गिगाबिट इथरनेट’ यांच्यात दिसतो तेवढा फरक नाही. १५० विरुद्ध १२५, एवढेच.

फायरवायर वेगळ्याच कारणाने फसवते. ‘४००’ म्हणजे नेमके ३९३.२१६ मेगाबिट, म्हणजे ४९.१५ मेगाबाइट, ‘८००’ म्हणजे ७८६.४३२, म्हणजे ९८.३. हे डेटाचे आकडे आहेत, आठने भागलेले चालतात. यूएसबी २.० चे ४८० मेगाबिट आठने भागले तर ६० येतात, पण पॅकेटांच्या नियमांमुळे दर १२५ मायक्रोसेकंदांच्या खिडकीत ५१२ बाइटांची जास्तीत जास्त १३ पॅकेट बसतात, म्हणजे कमाल ५३.२ मेगाबाइट. प्रत्यक्ष डिस्कवर ३० ते ४० मिळाले तर ते ठीकच म्हणायचे. कागदावर ४८० हे ४०० पेक्षा मोठे असूनही त्या काळच्या डिस्कवर फायरवायर ४०० पुढे राहायचे, ते यामुळे आणि यूएसबीत प्रत्येक व्यवहार यजमान संगणकाला हाकावा लागतो म्हणून. यूएसबी १.१ चे १२ मेगाबिट म्हणजे आठने भागून १.५, पण एका मिलिसेकंदात ६४ बाइटांची १९ च पॅकेट, म्हणजे १.२१६ मेगाबाइटची कमाल. डब्यावर ‘यूएसबी २.०’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘फुल स्पीड’ असेल तर ते उपकरण १२ मेगाबिटचेच आहे. ४८० हवे तर ‘हाय स्पीड’ लिहिलेले पाहिजे.

सिरियल पोर्टलाही दहाच लागतात, पण कारण निराळे: प्रत्येक बाइटच्या पुढे एक स्टार्ट आणि मागे एक स्टॉप बिट. १,१५,२०० बॉड म्हणजे ११,५२० बाइट. ५६ किलोबिटच्या मोडेमची फोन लाइन मात्र त्रुटी-नियंत्रण चालू असताना हे जादा बिट काढून टाकते, म्हणून तिथे आठ: वरची मर्यादा ७ किलोबाइट.

फार जुन्या डिस्क आणि सीडी

१९८० साली आलेल्या एसटी-५०६ जातीच्या डिस्कचा वेग बिटांतच सांगत: एमएफएम कोडिंगला ५ मेगाबिट, आरएलएलला ७.५. आठने भागले तर ०.६२५ मेगाबाइट. पण हा प्लॅटरवरून, म्हणजे डिस्कमधल्या फिरत्या तबकडीवरून, येणाऱ्या सगळ्या बिटांचा वेग आहे. त्यात सेक्टरांमधल्या मोकळ्या जागा, शीर्षके आणि तपासणी बाइट धरलेले आहेत. खरा डेटा असा काढा: एका ट्रॅकवर १७ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट, सेकंदाला ६० फेऱ्या, म्हणजे ५,२२,२४० बाइट. इंटरलीव्ह ३:१ असेल, म्हणजे कंट्रोलरला दम घ्यायला मधले दोन सेक्टर सोडले जात असतील, तर त्याचा तिसरा हिस्सा. अशा डिस्कपुढे १० मेगाबिटचे इथरनेट कधीच अडचण ठरत नाही; अडचण ती डिस्क स्वतःच असते.

१.४४ च्या फ्लॉपीचेही तसेच: छापील ५०० किलोबिट, आणि १८ सेक्टर गुणिले ५१२ गुणिले सेकंदाला ५ फेऱ्या म्हणजे ४६,०८० बाइट. (त्या १.४४ मध्ये एक हजार आणि एक १,०२४ गुंतलेला आहे; फ्लॉपीत १४,७४,५६० बाइट बसतात. ते ना दशमान १.४४, ना द्विमान.)

सीडीचा ‘१ एक्स’ म्हणजे सेकंदाला ७५ सेक्टर, डेटा सीडीवर प्रत्येकी २,०४८ बाइट, म्हणजे १,५३,६०० बाइट. ऑडिओ सीडीचे सेक्टर २,३५२ बाइटांचे, म्हणून तिथे १,७६,४००. आता ‘८ एक्स’ची सीडी १० मेगाबिटच्या नेटवर्कवर शेअर करता येईल का? ८ गुणिले १,५३,६०० म्हणजे १२,२८,८०० बाइट, म्हणजे ९.८३ मेगाबिट. दहात बसते असे वाटते. बसत नाही, कारण १० मेगाबिटच्या इथरनेटवर टीसीपीतून (पोच घेत डेटा पोचवणाऱ्या नेटवर्क प्रोटोकॉलमधून) फाइलचे ११.८ लाखांच्या आसपास बाइटच जातात. ते कसे, हे पुढे. आणि ‘५२ एक्स’ म्हणजे ८ मेगाबाइट, पण फक्त बाहेरच्या कडेला. सीडीचा डेटा आतल्या कडेपासून सुरू होतो, म्हणून अर्धवट भरलेल्या सीडीवर तो वेग कधी दिसतच नाही. डीव्हीडीचा १ एक्स १.३८५ मेगाबाइटचा, म्हणजे सीडीच्या नऊपट. दोन्हींचे ‘एक्स’ एकमेकांशी तोलू नका.

नेटवर्कच्या बाजूची वजाबाकी

इथरनेटची एक पूर्ण फ्रेम १,५०० बाइटांचे ओझे वाहते, पण तारेवर ती १,५३८ बाइटांची जागा घेते: ८ बाइट आधीचा इशारा, १४ शीर्षक, ४ तपासणी, आणि पुढच्या फ्रेमआधी १२ बाइटांएवढी शांतता. त्या १,५०० मध्ये आयपीचे २० आणि टीसीपीचे २० जातात. वेळ-शिक्क्याचा पर्याय चालू असेल तर आणखी १२. उरतात १,४४८. भागाकार: १,४४८ भागिले १,५३८ म्हणजे ०.९४१५.

म्हणून १० मेगाबिटवर १.१८ मेगाबाइट, १०० वर ११.८, १,००० वर ११७.७. हे टीसीपीचे छत आहे. त्यावर फाइल शेअरिंगच्या प्रोटोकॉलचा थोडा खर्च असतोच, म्हणून गिगाबिटवर ११० च्या वर काही दिसले तर समाधान मानावे. ९,००० बाइटांच्या जम्बो फ्रेमने छत १२३.८ होते, म्हणजे पाच टक्के वाढ. पण मधला एखादा स्विच किंवा दुसऱ्या टोकाचे कार्ड जम्बो घेत नसेल तर छोटी पाकिटे जातात, पिंग चालतो आणि मोठी फाइल अडकते. जुन्या संगणकात जम्बोचा खरा फायदा पाच टक्क्यांचा नसून प्रोसेसरला कमी वेळा खोळंबावे लागते हा आहे. तरीही जुन्या-नव्याची सरमिसळ असलेल्या नेटवर्कवर त्याच्या नादी लागू नये असे माझे मत.

वायफायला हा हिशेब लावू नका. ८०२.११बीचे ११ मेगाबिट आणि ८०२.११जीचे ५४ हे हवेतल्या एका फ्रेमच्या वेगाचे आकडे आहेत. पोच, वाट पाहणे आणि एकाच वाहिनीवर येणे-जाणे धरून हातात निम्म्याच्या आतबाहेर येते.

इथरनेटची ‘फुल डुप्लेक्स’ (एकाच वेळी दोन्ही दिशांनी) म्हणून दुप्पट आकडा लिहिण्याची एक सवय दिसते. एका दिशेने फाइल पाठवताना त्याचा काही उपयोग नाही. आयडीई, समांतर स्कझी आणि साटा हे तिघेही एका वेळी एकाच दिशेने डेटा नेतात.

दोन प्रकारचे मेगाबाइट

नेटवर्कचा मेगा नेहमी दहा लाखांचा. डिस्क बनवणाऱ्यांचाही, आणि इंटरफेसच्या वेगाचाही. विंडोज मात्र १,०४८,५७६ ने भागून त्याला मेगाबाइट म्हणते. फरक किलोला २.४ टक्के, मेगाला ४.९, गिगाला ७.४ आणि टेराला जवळजवळ १०. १६० गिगाबाइटची डिस्क विंडोजमध्ये १४९ दिसते ती यामुळे. गिगाबिटचे ११७.७ विंडोजच्या खिडकीत ११२.२ होतात, आणि लोक पाच टक्के ‘हरवले’ म्हणून केबल बदलत बसतात. (१६० ची डिस्क जुन्या कंट्रोलरवर १३७ च (विंडोजमध्ये १२८) दिसत असेल तर तो मेगाबाइटचा प्रश्न नाही, कंट्रोलर किंवा बायोस २८ बिटांच्या पत्त्यांवर अडकला आहे. त्या अवस्थेत कॉपी सुरू करू नका.)

आयपर्फ या साधनाच्या एकाच ओळीत दोन्ही पद्धती सापडतात. दहा सेकंदांच्या चाचणीत ते ‘१.१० गिगाबाइट, ९४१ मेगाबिट प्रति सेकंद’ असे दाखवते. १.१० ला आठने गुणून दहाने भागले तर ८८० येतात, ९४१ नाही. डाव्या आकड्यातला गिगा १,०२४ चा, उजव्यातला मेगा १,००० चा आहे. उजवा आकडा धरा.

मग ३५-४० का?

प्रश्नातल्या मशीनकडे वळू. ३२ बिट, ३३.३३ मेगाहर्ट्झची पीसीआय बस सेकंदाला १३३ मेगाबाइट नेते. हा १३३ आणि अल्ट्रा डीएमएचा १३३ यांचा संबंध नाही, आकडे योगायोगाने सारखे आहेत. हे छत बसवरच्या सगळ्या कार्डांचे मिळून आहे, आणि बस कोणाला द्यायची हे ठरवण्यातही वेळ जातो. शंभरच्या आसपास मिळाले तरी चांगले. आता फाइलचा प्रवास बघा. डिस्क कंट्रोलर कार्डाकडून पीसीआयवरून मेमरीत, आणि मेमरीतून पुन्हा त्याच पीसीआयवरून नेटवर्क कार्डाकडे. प्रत्येक बाइट बस दोनदा ओलांडतो, म्हणजे शंभराचे पन्नास झाले.

त्यात डिस्क. इंटरफेसचा वेग आणि प्लॅटरचा वेग यांत गल्लत फार होते. प्लॅटरचा वेग असा काढतात: ट्रॅकवरचे सेक्टर गुणिले ५१२ गुणिले सेकंदाला फेऱ्या. ७,२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या. ट्रॅकवर १,००० सेक्टर असतील तर ६१.४ मेगाबाइट. बाहेरच्या ट्रॅकवर सेक्टर जास्त, आतल्यावर कमी, म्हणून डिस्कच्या शेवटच्या भागात वेग निम्म्यापर्यंत उतरतो. अल्ट्रा डीएमए १३३ चा आकडा खरा होतो तो फक्त डिस्कच्या स्वतःच्या छोट्या कॅशमधून वाचताना. ५० चे छत, ६० वरून ३० कडे घसरणारी डिस्क आणि प्रोटोकॉलचा खर्च, या तिघांतून ३५-४० निघतात. काहीही बिघडलेले नाही.

मदरबोर्डवरच्या आयडीई पोर्टला डिस्क लावली तर फरक पडेल का, हे चिपसेटवर अवलंबून आहे. इंटेल ४४०बीएक्सच्या काळात साउथब्रिजच (चिपसेटमधली आयडीई सांभाळणारी चिप) पीसीआयवर बसलेला असे, म्हणून फायदा नाही. १९९९ च्या इंटेल ८१० पासून दोन चिपांमध्ये २६६ मेगाबाइटची स्वतंत्र जोडणी आली; तिथे मदरबोर्डवरची डिस्क पीसीआयला त्रास देत नाही आणि बस एकट्या नेटवर्क कार्डाला मिळते. इंटेलचे पोर्ट १०० पर्यंतच जातात, १३३ नाही. पण प्लॅटर ६० वर थांबत असेल तर ते गेलेले ३३ कुणाला दिसणार? मी डिस्क तिकडेच हलवेन. पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट असेल तर नेटवर्क कार्ड तिथे. अल्ट्रा१६० किंवा अल्ट्रा३२० स्कझी कार्ड साध्या ३२ बिटांच्या स्लॉटमध्ये चालते, पण १३३ वर कोंडते; त्याला ६४ बिटांचा स्लॉट हवा, ३३ मेगाहर्ट्झला २६६ आणि ६६ ला ५३३ मेगाबाइट.

हे अंदाजाने ठरवण्याऐवजी तीन मापे घ्या, याच क्रमाने. पहिले, फक्त नेटवर्क: दोन्ही मशीनमध्ये आयपर्फ, डिस्कचा संबंध नाही. १०० मेगाबिटवर ९४ आणि गिगाबिटवर ९४० च्या जवळ आले तर तारा, स्विच, कार्ड ठीक. पीसीआय कार्डावर गिगाबिट बरेच खाली राहणे साहजिक आहे. दुसरे, फक्त डिस्क: मशीनच्या रॅमपेक्षा निदान दुप्पट आकाराची फाइल वाचा, नाहीतर कॅशच मोजली जाईल. डिस्कच्या सुरुवातीला, मध्यात आणि शेवटी वेगळे मोजा. तिसरे, दोन्ही मिळून: खरी कॉपी. तिसरे माप पहिल्या दोहोंपैकी लहानाच्या जवळ असेल तर अडथळा तोच. दोहोंपेक्षाही खूप कमी असेल तर दोघांत काहीतरी सामाईक आहे: बस किंवा प्रोसेसर. कॉपी चालू असताना प्रोसेसर शंभर टक्क्यांवर दिसला तर पीआयओ मोडचा संशय घ्या.

आकडा अचानक पडतो तेव्हा

आयडीई केबल ४० तारांची असेल तर अल्ट्रा डीएमए मोड २ च्या वर, म्हणजे ३३ च्या वर, जाता येत नाही. ८० तारांच्या केबलमध्ये प्रत्येक सिग्नलशेजारी जमिनीची तार असते. कनेक्टर ४० पिनांचाच, म्हणून पिना मोजून फरक कळत नाही, पट्टीच्या तारा बारीक दिसतात त्यावरून ओळखा. निळा कनेक्टर मदरबोर्डकडे, काळा शेवटच्या डिस्कला. केबल खराब असली की सीआरसी त्रुटी (तपासणी आकडा न जुळण्याच्या) येतात आणि विंडोज एक्सपी सहा त्रुटींनंतर एक पायरी खाली उतरते, असे करत करत पीआयओपर्यंत. केबल बदलली तरी ते आपोआप वर चढत नाही. डिव्हाइस मॅनेजरमधून तो आयडीई चॅनल काढून मशीन पुन्हा चालू करावे लागते. स्मार्टच्या (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते त्या यादीतल्या) १९९ क्रमांकाच्या नोंदीत सीआरसी त्रुटींची संख्या असते. ती वाढत असेल तर दोष केबलचा किंवा कनेक्टरचा धरा, प्लॅटरचा नव्हे.

स्कझीत अल्ट्रा१६० च्या बसवर एक जुने सिंगल-एंडेड (तारांच्या जोडीऐवजी एकाच तारेवर सिग्नल पाठवणारे) उपकरण लावले की सारी बस त्या पद्धतीवर उतरते: वाइडला ४० मेगाबाइट, आणि केबलची मर्यादा १२ मीटरवरून थेट ३ किंवा दीड मीटरवर. मग फक्त वेगच कमी होत नाही, लांब केबलमुळे त्रुटीही सुरू होतात. जुना स्कॅनर किंवा टेप ड्राइव्ह वेगळ्या चॅनलवर ठेवा.

नेटवर्कवर सगळ्यात फसवा दोष म्हणजे डुप्लेक्सची तफावत. एका टोकाला ‘१०० फुल’ हाताने ठरवलेले आणि दुसरे टोक ऑटोवर. ऑटोवाल्याला उत्तर मिळत नाही म्हणून ते हाफ धरते. पिंग ठणठणीत, दिवा १०० चा, आणि फाइल मात्र सेकंदाला काही शे किलोबाइटने. हाफ टोकावर ‘लेट कोलिजन’ आणि फुल टोकावर सीआरसी त्रुटी वाढताना दिसतात. दोन्ही टोके ऑटोवर ठेवा किंवा दोन्ही हाताने ठरवा. गिगाबिट कार्ड १०० वर जोडले जात असेल तर केबलच्या चारपैकी एखादी जोडी तुटलेली असते; १०० ला दोनच लागतात, गिगाबिटला चारही.

अंतर वाढले की टीसीपीची खिडकी आड येते. खिडकी वाढवण्याची सोय नसलेल्या जुन्या प्रणालीत पोच येईपर्यंत ६५,५३५ बाइटच पाठवता येतात. जाण्या-येण्याला १ मिलिसेकंद लागत असेल तर छत ६५.५ मेगाबाइट; २० मिलिसेकंद लागले तर ३.३, म्हणजे २६ मेगाबिट, मधली लाइन कितीही मोठी असो.

आणि लहान फाइलींपुढे वरचे सगळे गणित निकामी ठरते. ९ मिलिसेकंद सीक (हेड योग्य ट्रॅकवर नेणे) आणि ७,२०० आरपीएमवर अर्ध्या फेरीचे ४.२, म्हणजे एका विखुरलेल्या वाचनाला १३.२ मिलिसेकंद, सेकंदाला ७६ वाचने. प्रत्येकी ४,०९६ बाइट धरले तर ०.३१ मेगाबाइट, म्हणजे २.५ मेगाबिट. हे ओझे १० मेगाबिटचे इथरनेटसुद्धा सहज वाहते. अशा वेळी नेटवर्क सुधारण्यात अर्थ नाही. फाइली न दाबता एका मोठ्या टार फाइलमध्ये बांधून सलग प्रवाह पाठवा. निदान नेटवर्कवर दर फाइलमागे होणारी उघडझाप वाचते.

टेपची गोष्ट उलटी आहे, तिला कमी वेग सोसत नाही. एलटीओ-३ मूळ ८० मेगाबाइटने लिहिते (डब्यावरचे १६० हे २:१ दाबून, ते विसरा). तिला १०० मेगाबिटच्या लाइनवरून ११.८ ने डेटा दिला तर ड्राइव्ह लिहितो, थांबतो, मागे जातो, पुन्हा लिहितो. वेळ वाढतो आणि टेप व हेड दोन्ही झिजतात. आधी स्थानिक डिस्कवर उतरवून मग टेपवर लिहावे.

वेळेचा अंदाज

वेळ काढताना बाइट भागिले बाइट करा, मध्ये बिट आणूच नका. १६० गिगाबाइटची भरलेली डिस्क म्हणजे १,६०,००० मेगाबाइट. गिगाबिटचे छत ११७.७ गाठले तर १,३६० सेकंद, म्हणजे साधारण २३ मिनिटे. प्रश्नातल्या मशीनच्या ४० ने ४,००० सेकंद, १ तास ७ मिनिटे. १०० मेगाबिटवर ११.८ ने पावणेचार तास. यूएसबी १.१ वर १ मेगाबाइट धरले तर ४४ तास. सरासरी धरताना डिस्कच्या सुरुवातीचे माप न घेता तिन्ही मापांची सरासरी घ्या, नाहीतर शेवटचा तिसरा हिस्सा अंदाज चुकवतो.

डिस्क फक्त एकदाच रिकामी करायची असेल तर मी जुन्या मशीनच्या नेटवर्कची डागडुजी करणार नाही. डिस्क काढून आयडीई-यूएसबी अडॅप्टरने नव्या मशीनला जोडेन, यूएसबी २.० चा अडॅप्टरही ३० देतो, आणि ३.० चा असेल तर प्लॅटरच मर्यादा ठरतो. जम्पर मास्टरवर ठेवा, अडॅप्टरचा वेगळा वीजपुरवठा आधी चालू करा. कॉपीनंतर चेकसम पडताळायचे असेल तर सारी डिस्क पुन्हा एकदा वाचली जाणार, तेव्हा वरचे आकडे दुप्पट धरून वेळ राखून ठेवा.